थकवा ग्रुपमध्ये कसा फिरतो

जून उजाडला आणि मूल दहावीत गेलं की भाईंदर पूर्वेच्या घराघरांत काही गोष्टी ठरल्यासारख्या होतात. क्लास तर एप्रिलमध्येच लागलेला असतो. टीव्हीच्या रिचार्जवरून एकदा वाद होतो. नात्यातल्या कुठल्या लग्नाला जायचं नाही ते ठरतं. आणि मग, फारशी चर्चा न होता, मित्रांवर गदा येते. ‘एक वर्ष मित्र बाजूला ठेव, पुढे आयुष्य पडलंय’ हे वाक्य जेसल पार्कच्या सोसायट्यांमध्ये मराठीत, गुजरातीत, मारवाडीत, हिंदीत, सगळ्या भाषांत बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण या उपायाने मुलाचा थकवा कमी होतो का, हे तपासायला हवं. मुलांच्या शालेय थकव्यात मित्रांचा वाटा किती आणि कसा, यावर गेल्या वीसेक वर्षांत बरंच काम झालं आहे. मित्रांमुळे थकवा चढतो आणि मित्रांमुळेच तो उतरतो, असं त्यातून दिसतं. चढण्याच्या आणि उतरण्याच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत. मैत्री बंद करताना आपण बहुधा उतरण्याची वाट बंद करतो आणि चढण्याची तशीच उघडी ठेवतो. कसं, ते सावकाश पाहू.

आधी हा थकवा म्हणजे काय ते. बर्नआउट हा शब्द कामाच्या जगातून आला. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांत झटणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल तो वापरला. माणसं उत्साहाने कामाला लागायची आणि काही महिन्यांत आतून रिकामी व्हायची. पुढे ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तो मोजण्याची पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटना आजही बर्नआउटला आजार म्हणत नाही, ती त्याला नोकरीच्या संदर्भातली अवस्था मानते. मग शाळेतल्या मुलाला बर्नआउट कसा? फिनलंडमधल्या कातारीना साल्मेला-आरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा विचार मांडला. मुलाला पगार नसेल, पण ठरलेली वेळ आहे, ठरलेलं काम आहे, वर बघणारा आहे आणि वर्षाअखेरीस मूल्यमापन आहे. शाळा हीच त्याची नोकरी. २००९ मध्ये त्यांनी शालेय बर्नआउट मोजण्यासाठी नऊ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आता अनेक देशांत वापरली जाते.

या प्रश्नावलीत तीन धागे आहेत. पहिला थकव्याचा: अभ्यासाच्या ओझ्याने झोप लागत नाही, मोकळ्या वेळातही डोक्यात तेच फिरत राहतं. दुसरा मन उडण्याचा: या सगळ्याला काही अर्थ आहे का, असं सतत वाटणं. तिसरा अपुरेपणाचा: मी पूर्वी बरा होतो, आता मला जमत नाही. रविवारी दुपारी झोप काढली की जो जातो तो नेहमीचा थकवा. रविवार येतो, झोप होते, आणि सोमवारी सकाळी मूल शनिवारइतकंच ओढलेलं दिसतं, तेव्हा या तीन धाग्यांकडे बघायला हवं. हे तिन्ही एकदम येतात असं नाही. एखादी मुलगी प्रचंड थकलेली असते, पण अभ्यासावरून तिचं मन उडालेलं नसतं. उलट ते लागलेलं असतं म्हणूनच ती थकलेली असते. एखाद्या मुलाला थकवा फारसा नसतो, फक्त कशातच राम वाटत नाही. घरी दोघांनाही ‘हल्ली आळशी झालाय’, ‘हल्ली चिडचिड करते’ एवढंच ऐकायला मिळतं.

आता ग्रुपकडे येऊ. एकाच ग्रुपमधली मुलं बर्नआउटच्या बाबतीत एकमेकांसारखी असतात का? नूना किउरू, साल्मेला-आरो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फिनलंडमधल्या नववीच्या मुलांवर केलेलं काम नेमकं याच प्रश्नावर होतं. तिकडे नववी म्हणजे आपली दहावी. वय पंधरा-सोळा, आणि त्यानंतर पुढची वाट निवडायची. कोण कोणाबरोबर असतं हे मुलांनाच विचारून त्यांनी ग्रुप ठरवले आणि मग प्रत्येकाचा थकवा मोजला. ग्रुपमधल्या मुलांत साम्य होतं. हे साम्य दोन तऱ्हांनी येऊ शकतं. एक, सारखी मुलं एकमेकांना शोधतात: ज्याचं मन शाळेतून उडालंय तो पहिल्या बाकावरच्यांत बसत नाही, आपल्यासारख्यांत जातो. दुसरं, एकत्र राहून राहून मुलं सारखी होतात. ‘वाईट संगत’ म्हणताना आपण फक्त दुसरी शक्यता धरतो आणि तीही एकाच दिशेने, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाने आमच्या मुलाला बिघडवलं. प्रत्यक्षात आपलं मूल त्या ग्रुपकडे का गेलं, हा पहिला प्रश्न असतो. बऱ्याचदा ते आधीच थकलेलं असतं, आणि जिथे थकलेलं असणं चालतं अशी जागा शोधत तिथे पोचलेलं असतं.

दुसरी शक्यताही खरी आहे. ती कशी चालते हे कळायला एका ग्रुपचा एक दिवस बघावा लागेल. चार जणांचा, दहावीतला ग्रुप घेऊ. असा ग्रुप भाईंदरमधल्या कुठल्याही क्लासच्या पायऱ्यांवर सापडेल. सकाळची शाळा, दुपारी तासभर घर, मग इमारतीच्या तळमजल्यावर दुकानाच्या गाळ्यात भरणारा क्लास. एकीला नेहमी नव्वदच्या वर मार्क. दोघं सत्तर-पंचाहत्तरमध्ये. चौथा नववीपर्यंत ऐंशीच्या घरात होता, आता घसरतोय.

क्लास सुटण्याआधी टेस्टचे मार्क लागतात. पूर्वी भिंतीवर कागद चिकटवायचे, आता पीडीएफ ग्रुपवर पडते. नाव, मार्क, रँक. चौघं ती एकाच वेळी उघडतात आणि कोणीही फक्त स्वतःची ओळ बघत नाही. माणूस स्वतःला जोखायला शेजारच्याकडे बघतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं. पंधराव्या वर्षी ही सवय जोरात असते. शिवाय तुलना ज्यांच्याशी रोजचं उठणं-बसणं आहे त्यांच्याशीच होते. राज्यात पहिली आलेली मुलगी आपल्या चौथ्याला त्रास देत नाही, शेजारी बसलेली देते. हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर हुशार मुलांच्या गटात पडलेलं मूल स्वतःच्या अभ्यासाबद्दल जास्त वाईट मत बाळगतं. पुढे २६ देशांच्या आकडेवारीतही हाच कल दिसला. ‘चांगल्या बॅचमध्ये टाकलं की आपोआप वर येईल’ या हिशेबात ही किंमत धरलेलीच नसते. वर येतातही काही. पण त्याच बॅचमधल्या शेवटच्या पाच-सात जणांच्या मनात तिसरा धागा, अपुरेपणाचा, रोज एकेक पीळ घट्ट होत जातो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण अनेक पालकांना ती ठाऊक नसते. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूतून उभ्या राहिलेल्या सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शक्य तिथवर मार्कांवरून मुलांच्या बॅच पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये आणि त्यांच्या कुवतीबाहेरची उद्दिष्टं देऊ नयेत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी काढलेल्या सूचनांत टेस्टचे निकाल जाहीर करू नयेत आणि आठवड्याची सुट्टी द्यावी, असं आहे. म्हणजे रँकची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, असं पालकाने क्लासवाल्या सरांना म्हणणं हा काही लाडावलेपणा नाही.

आपला ग्रुप पुढे जातो. साडेसहाला क्लास सुटतो आणि चौघं चौपाटीवर येतात. नाव चौपाटी असलं तरी हा समुद्र नव्हे, वसईची खाडी. पलीकडे नायगाव, मधल्या रेल्वे पुलावरून लोकल जातात. चालायला आलेली माणसं, आजी-आजोबा, छोट्यांना घेऊन आलेल्या आया, आणि दप्तरं पाठीवर तशीच ठेवून कठड्यावर टेकलेली ही मुलं. शेवपुरीची एक प्लेट चौघांत. इथे जे बोलणं होतं त्यात दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात.

पहिली अशी. कोणीतरी म्हणतं, ‘भूमितीच्या प्रमेयांचं आयुष्यात काय लोणचं घालायचंय?’ सगळे हसतात. दुसरा सरांची नक्कल करतो, आणखी हसू. टॉमस डिशन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं आपसातलं बोलणं व्हिडिओवर टिपलं होतं. नियम मोडण्याच्या गप्पांना जिथे हशा मिळत होता, तिथली मुलं पुढे त्याच वाटेने जास्त गेली. त्यांचा विषय गुन्हेगारी वर्तनाचा होता, अभ्यासाचा नव्हता, पण हसण्याची ताकद त्यातून कळते. या वयात मित्राचं हसू हे मोठं बक्षीस असतं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये मुलांना मोटार चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत हा फरक जवळपास दिसला नाही. अभ्यासाच्या कुचेष्टेला हसू मिळत गेलं की ज्याला खरं तर भूमिती आवडते तोही ते बोलून दाखवणं सोडतो. न बोललेली आवड हळूहळू विरते. मन उडण्याचा धागा ग्रुपमध्ये फिरतो तो असा, कोणी कोणाला काही न शिकवता.

दुसरी गोष्ट त्याच कठड्यावर, त्याच अर्ध्या तासात होते आणि ती उलट्या दिशेने काम करते. घसरणारा चौथा आज पीडीएफ उघडल्यापासून गप्प आहे. नव्वदवाली त्याच्या दप्तराला धक्का देते, ‘ए, खा ना.’ मार्कांचा विषय निघत नाही. एवढंच होतं. या एवढ्याशा गोष्टीचा शरीरावर काय परिणाम होतो, हे मॉन्ट्रिऑलमधल्या एका संशोधनात मोजलं गेलं आहे. रायन ॲडम्स, जोनाथन सान्तो आणि विल्यम बुकोव्स्की यांनी २०११ मध्ये पाचवी-सहावीच्या शंभरेक मुलांकडून चार दिवस नोंदी करून घेतल्या. आत्ता काय झालं, वाईट झालं का, बरोबर कोण होतं. सोबत लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं. वाईट प्रसंगी सगळ्यात जवळचा मित्र शेजारी नव्हता तेव्हा कॉर्टिसॉल वाढलं आणि स्वतःबद्दलचं मत उतरलं. तो शेजारी होता तेव्हा हा परिणाम फारसा दिसला नाही. मित्राने काही उपदेश करण्याची गरज नव्हती, तो तिथे असणं पुरेसं होतं. मुलं आपल्या चौघांपेक्षा लहान होती हे खरं, पण दहावीत मित्राची गरज कमी होते असं मला तरी कुठे दिसलेलं नाही.

रात्री अकराला चौघं परत एकत्र येतात, यावेळी आपापल्या खोलीतून, व्हॉट्सअ‍ॅपवर. उद्या विज्ञान भाग दोनची टेस्ट आहे.

‘पोर्शन किती झाला?’

‘काहीच नाही यार.’

‘माझा पण शून्य.’

‘उद्या वाट लागणार सगळ्यांची.’

दुसऱ्या दिवशी नव्वदवालीला ४० पैकी ३८ पडतात. रात्रीच्या चार ओळी दिसायला निरुपद्रवी आहेत, थोडी गंमत, थोडा धीर. पण चौथ्याच्या जागी बसून त्या वाचा. त्याने काल चार तास अभ्यास केला होता आणि ग्रुपवर ‘शून्य’ लिहिलं होतं. तिनेही ‘काहीच नाही’ लिहिलं होतं. त्याच्या हिशेबाने तिने अभ्यास न करता ३८ मिळवले आणि आपण चार तास बसून २४. तिने सहा तास बसून, मध्ये दोनदा रडून ते ३८ मिळवले, हे त्याला कधीच कळत नाही. तिचे कष्ट लपले आणि तिचा थकवाही लपला. प्रत्येक जण स्वतःचा थकवा आतून बघतो आणि दुसऱ्याचा चेहरा बाहेरून. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं होतं: बहुतेकांना मनातून ते फारसं पटत नव्हतं, पण बाकी सगळ्यांना पटतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. दहावीच्या ग्रुपमध्ये दारूच्या जागी कष्ट आणि भीती ठेवा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणं सांगितली. दहातल्या आठांना वाटणारी गोष्ट ‘फक्त मलाच वाटतेय’ असं समजून प्रत्येक जण ती लपवतो.

पुढे बारा वाजतात. ग्रुप शांत होतो, पण दोघींचं वेगळं बोलणं सुरू होतं. नव्वदवाली आणि तिची जवळची मैत्रीण. प्रिलिममध्ये कमी पडले तर काय, बाबा काय म्हणतील, मागच्या वेळी गणितात काय झालं होतं, तसंच परत झालं तर. तेच चार मुद्दे फिरून फिरून. अमेरिकेतल्या ॲमंडा रोझ यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास केला. दोन मैत्रिणी एकाच त्रासावर पुनःपुन्हा बोलत राहिल्या की मैत्री घट्ट होते, आणि त्याच बोलण्याने चिंता आणि उदासीही वाढते. मुलींमध्ये हे जास्त आढळलं. हा शोध मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे ‘मन मोकळं केलं की बरं वाटतं’ हे आपण डोळे मिटून मान्य करतो. मन मोकळं करणं वेगळं आणि तीच जखम दोघींनी मिळून रोज रात्री उघडून बघणं वेगळं. ओळखायचं कसं? बोलण्याच्या शेवटी काही ठरलं का, विषय बदलला का, कोणी हसलं का, झोप आली का, यावरून. आणि बोलणारी मुलगी आईला सांगते, ‘तीच एक मला समजून घेते.’ ते खरंच असतं. म्हणून ही मैत्री तोडायला गेलं की मुलगी सगळ्या जगावर दार लावून घेते.

आता सुरुवातीच्या निर्णयाकडे वळू. मित्र बंद केले, म्हणजे आपण प्रत्यक्षात काय बंद केलं? चौपाटीवरचा अर्धा तास. तिथे कुचेष्टा होती, पण शेवपुरीही होती आणि दप्तराला मारलेला धक्काही. काय चालू राहिलं? क्लास चालू, म्हणजे रँकची पीडीएफ चालू. व्हॉट्सअ‍ॅप चालू, कारण नोट्स त्यावर येतात. अकराचं ‘काहीच नाही यार’ चालू, बाराचं दोघींचं चालू. तुलना आणि लपवाछपवी या थकवा वाढवणाऱ्या दोन्ही वाटा पडद्यावरून येतात, त्यांना घराबाहेर पडावं लागत नाही. थकवा उतरवणारी वाट समोरासमोर भेटण्याची होती, ती गेली. पालकांनी हौसेने केलेलं नसतं हे. पण मूल नोव्हेंबरपर्यंत आणखी ओढलेलं दिसायला लागलं की घरात म्हणतात, ‘मित्र बंद केले तरी सुधारणा नाही, म्हणजे आणखी कडक व्हायला हवं.’ मला वाटतं, तिथेच थांबून उलट हिशेब करायला हवा.

तो करताना सर्वात आधी तो अर्धा तास परत द्यावा. दिवसाच्या वेळापत्रकात क्लाससारखाच लिहून, चोरून घेतल्यासारखा नव्हे. मुलं भेटतील तेव्हा कुचेष्टाही होईल, होऊ दे. भेट चालता-चालता झाली, कॅरम खेळता-खेळता झाली तर बोलणं एकाच विषयात अडकत नाही, हा साधा अनुभव आहे. रात्रीचा फोन मात्र ठराविक वेळेला बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागावा, आणि तोही एकट्या आपल्या मुलाचा नव्हे. चार घरांनी मिळून ठरवलं तर कोणाचंच ‘बाकीचे ऑनलाइन असतात’ राहत नाही. चार आयांनी एकदा एकमेकींना फोन करायचा, एवढंच काम आहे. त्याच फोनवर आणखी एक ठरवता येईल: एकमेकींच्या मुलांचे मार्क विचारायचे नाहीत. सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर ‘तुमच्या मुलीला किती पडले हो?’ हा प्रश्न जितक्या सहज पडतो तितक्याच सहज तो मुलापर्यंत पोचतो, जेवणाच्या ताटावर.

शिकवण्याचं काम मुलांवर सोपवून बघा. चौथ्याला जे येतं, समजा त्याचा इतिहास पक्का आहे, ते त्याने इतर तिघांना समजावून सांगायचं. नव्वदवालीने बीजगणित. समजावणाऱ्याचा स्वतःचा विषय पक्का होतो हे शिक्षक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत, आणि ग्रुपमधली उतरंड एका दिवसापुरती का होईना, फिरते. आज मी देणारा आहे, हे वाटणं अपुरेपणाच्या धाग्यावर थेट काम करतं. यात आणखी एक गोष्ट आपोआप होते: एकत्र बसल्यावर कोणाला किती वेळ लागतो, कोण कुठे अडतं, हे सगळ्यांना दिसतं. ३८ मार्क आकाशातून पडत नाहीत हे चौथ्याला डोळ्यांनी दिसतं, आणि नव्वदवालीलाही ‘मला हे येत नाही’ म्हणायची मुभा मिळते. ती मुभा तिला कुठेच नसते. हुशार मुलांचा थकवा सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण मार्क चांगले येताहेत तोवर कोणी विचारत नाही.

शाळांना यात बरंच करता येईल, आणि ते काम शिकवणाऱ्या शिक्षकावरच टाकलं पाहिजे असं नाही. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटातल्या शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्ती नेमल्या. त्या पूर्ण शाळेसाठी, गटांसाठी आणि एकेकट्या मुलासाठी काम करत होत्या. नववीच्या मुलांना शाळेत वाटणारा मोकळेपणा वाढला, उदासीची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्या शिक्षकांना दिलं होतं, तिथे फरक दिसला नाही. कारणांवर चर्चा होऊ शकते. मला त्यात दिसतं ते असं की ज्याच्या हातात मार्क आहेत, त्याच्याशी मूल थकव्याबद्दल बोलत नाही. आपल्या शेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिचा ‘वेध’ हा उपक्रम मुलांना मार्कांपलीकडची आयुष्यं दाखवत आला आहे. भाईंदरहून ठाणं लांब नाही. एखाद्या रविवारी चार पालकांनी मिळून मुलांना असं काही दाखवायला नेणं क्लासच्या एका टेस्टपेक्षा कमी मोलाचं नाही.

काही वेळा ग्रुपने आणि घराने करण्यासारखं काही उरत नाही. दोन-तीन आठवडे झोप आणि जेवण बिघडलेलं, ज्यात जीव होता ते सगळं सोडलेलं, मित्रांनाही टाळणं, ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलणं, हे दिसलं तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं, परीक्षा झाल्यावर बघू असं म्हणायचं नाही. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मुलाच्या मित्रांनाही द्या. चौघांपैकी एक जण असं काही बोलला तर ते पहिल्यांदा बाकी तिघांना कळणार आहे, आणि ‘कोणाला सांगू नको’ या शपथेत ते अडकतील. अशी शपथ मोडली तरी ती गद्दारी नसते, हे त्यांना आधीच, शांतपणे, एखाद्या साध्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

शेवटी अकरावीबद्दल, कारण तिथे हे सगळं एकदम बदलतं आणि कोणाचं लक्ष नसतं. दहावीचा निकाल लागतो, ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या होतात, आणि चौघं चार दिशांना जातात. एकीला पार्ल्याचं कॉलेज मिळतं आणि ती सकाळच्या गर्दीत भाईंदरहून लोकलमध्ये चढायला शिकते. एकाला बोरिवली. एक इथेच. चौथा डिप्लोमाला. दहा वर्षं जुना ग्रुप एका फेरीत सुटतो, आणि त्याच महिन्यांत अभ्यास दुपटीने अवघड होतो, वर्गात कोणी ओळखीचं नसतं, जेईई-नीटची बॅच सुरू झालेली असते. ताण सगळ्यात जास्त आणि शेजारी उभा राहणारा कोणी नाही, अशी ही वेळ. म्हणून जुन्या चौघांची भेट निदान दिवाळीपर्यंत चालू राहील हे बघा, रविवारी सकाळी चौपाटीवर का होईना. आणि मूल घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं’ याच्या आधी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास’ हे विचारा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ‘एकट्यानेच’ हे उत्तर येणारच. गणपती होऊन गेले तरी तेच उत्तर येत असेल, तर कॉलेजातल्या शिक्षकांना भेटायला जायचं ते मार्कांची चौकशी करायला नव्हे, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये त्याला कोणाबरोबर बसवता येईल हे विचारायला.